तब्येत म्हणजे फक्त शुगर-बीपी नाही

संपादक साहेब,
जळगावात आरोग्य शिबिरं होतात, बीपी बघतात, शुगर बघतात, कागद हातात देतात अन् झालं, पण माणूस रोजचं जगतो कसा हे कोणी विचारतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची प्रश्नावली आहे, मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, दुखण्यामुळे कामं अडली का, मन उदास होतं का, पैसा पुरतो का, राहतं घर कसंय, सगळं त्यात येतं. मे महिन्यात पत्र्याच्या घरात रात्रभर डोळा लागत नाही ते कोणत्या रिपोर्टमध्ये दिसतं? महापालिकेने प्रत्येक वॉर्डातले थोडे थोडे लोक निवडून हे विचारावं, जमलं तर अहिराणीतही, अन् उन्हाळ्यात एकदा, हिवाळ्यात एकदा.
– एक वाचक, जळगाव