वाळवंटात आणि डोंगरात साथ देणाऱ्यांचे मनापासून आभार

आम्ही पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो होतो. पहाटे पाणवठ्यापासून बऱ्याच अलीकडे गाडी लावून लगेच इंजिन बंद करणाऱ्या चालकदादांचे आभार. इंजिनाची थरथर लेन्सला टेकू म्हणून खिडकीवर ठेवलेल्या वाळूच्या पिशवीतून लेन्सपर्यंत पोहोचते आणि फोटो हलतो. पखुर्डी या पक्ष्याचा नर पोटाची पिसं पाण्यात बुडवून, अंग हलवून भिजवतो आणि तेच पाणी पिल्लांकडे नेतो. तो उडेपर्यंत दार उघडायचं नाही, हे दादांनीच बजावलं. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, मग कितीही महागडी लेन्स असो, फोटोत पक्ष्याचा डोळा धारदार येत नाही. म्हणून त्यांची पहाटेची घाई बरोबरच होती.

डोंगरातल्या मुक्कामी ताईंनी दारातच प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. गारठलेला कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बांधून आत आणायचा आणि १-२ तास उघडायचा नाही. दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही. बॅटऱ्या मात्र थंडीत लवकर उतरतात, म्हणून त्या अंगालगतच्या खिशात.

आणि ते मेंढपाळ काका! कड्यावर दाढीवाल्या गिधाडाचं घरटं दिसताच त्यांनी आम्हाला मागे फिरवलं. पक्षी उठला की अंडं थंडीत उघडं पडतं. तो फोटो घेतला नाही, याबद्दल त्यांचे सगळ्यात जास्त आभार.