ते शाईचे चित्र नव्हे, ॲक्वाटिंट आहे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत पिकासोचे १९३६चे ‘फॉन (अर्धा बोकड, अर्धा माणूस असा वनदेव) आणि निजलेली स्त्री’ पाहून आनंद झाला. पण खाली ‘कुंचला व काळी शाई’ असे छापले आहे, ते चूक आहे. हे ॲक्वाटिंट आहे, म्हणजे तांब्याचा पत्रा आम्लाने खोदून, त्यात शाई भरून कागदावर घेतलेले छटांचे मुद्राचित्र. ‘वोलार सूट’ या पिकासोच्या शंभर मुद्राचित्रांच्या संचातले हे एक. प्रसंग ग्रीक पुराणातला : सॅटरच्या (फॉनसारख्याच वनदेवाच्या) रूपातला झ्यूस झोपलेल्या अँटिओपीवरची चादर उचलतो. पिकासोपुढे रेम्ब्रांचे याच विषयावरचे १६५९चे एचिंग (आम्लाने रेषा खोदून केलेले मुद्राचित्र) होते.

कुंचला फिरला हे खरे, पण पत्र्यावर. ‘शुगर लिफ्ट’ची ही रीत पिकासोला पॅरिसचे मुद्रक रोजे लाकुरिएर यांनी दाखवली. साखरेचा घट्ट पाक काळ्या रंगात कालवून त्या मिश्रणाने पत्र्यावर चित्र काढायचे. पत्र्यावर बोटाचा तेलकटपणा राहिला तर पाक थेंब धरून फाटतो. पाक वाळला की वरून वॉर्निशचा पातळ हात द्यायचा आणि पत्रा कोमट पाण्यात ठेवायचा. साखर फुगून वॉर्निश उचलते, तेवढीच जागा उघडी पडते. हात जाड बसला तर पाणी आत शिरत नाही आणि फटकारा अर्धाच उघडतो.

उघड्या जागेवर राळेची बारीक पूड टाकून खालून ऊब द्यायची, म्हणजे कण पत्र्याला चिकटतात. मग पत्रा आम्लात सोडला की आम्ल कणांमधल्या फटींतून तांबे खाते, त्या बारीक खड्ड्यांत शाई राहते आणि छटा उमटते. आच जास्त झाली तर कण वितळून एकमेकांत मिसळतात आणि आम्लाला वाट उरत नाही. पूड विरळ पडली तर आम्ल सरसकट खाते. मग पुसताना खड्ड्यातली शाई निघून जाते आणि जिथे गडद काळे हवे तिथे मधोमध फिकट डाग येतो. पत्रा आम्लात जितका जास्त वेळ, तितकी छटा गडद. म्हणून फिकट भाग आधी वॉर्निशने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडतात.

स्त्रीच्या अंगावरचा उजेड म्हणजे कोरा कागद, आणि त्याच्या कडेच्या करड्या छटांवरच सारे चित्र उभे आहे. पुरवणीत काळे-पांढरे इतके तीव्र केले आहे की त्या छटाच नाहीशा झाल्या, शिवाय डावी कडही कापली गेली. मूळ पत्रा सुमारे ३२ बाय ४२ सेंटिमीटरचा आहे. चित्र कडेसकट पुन्हा छापावे आणि खाली माध्यम, साल, माप व मुद्रकाचे नाव द्यावे, ही विनंती.

— मुद्राचित्रण करणारे काही वाचक, पुणे