आधी तुझा नमुना 8

चि. सौ. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

सोसायटीतल्या लोकांची नावं मतदार यादीत आहेत का ते घरोघरी तपासणार म्हणालीस, आणि परवा फोनवर माझा आवाज चढला. ज्याची सगळी नोकरी निवडणूक शाखेत गेली, त्यानेच ‘तुला काय करायचंय लोकांच्या नावांचं’ असं म्हणावं, हे मलाही नंतर लागलं. तू फोन ठेवलास ते ठीकच केलंस. आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. फोनवर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसलो.

15 जानेवारी 2026 ला महापालिकेच्या मतदानाला तुमच्या सोसायटीतली माणसं केंद्रावरून परत आली, आणि हातात ओळखपत्र असूनही नाव नाही म्हणून चिडली. कार्ड म्हणजे फक्त ओळख. मत पडतं ते यादीतल्या नावावर. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पासपोर्ट, पॅन, लायसन्स यांपैकी काहीही चालतं. नाव नसेल तर कार्ड असून उपयोग नाही. दुसरं, महापालिकेची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी राज्य निवडणूक आयोग एका ठरावीक तारखेची घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. या वेळी ती तारीख होती 1 जुलै 2025. त्यानंतर ज्यांनी नाव घातलं, ते विधानसभेच्या यादीत दिसत होते आणि प्रभागाच्या यादीत नव्हते. कुणी कापलं नाही, कुणी कट रचला नाही. निवडणूक जाहीर होते तेव्हा यादी आधीच बंद झालेली असते, एवढंच लोकांना माहीत नसतं. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण ती चुकीच्या प्रभागात पडलेल्या किंवा उतरवताना सुटलेल्या नावांची. नवीन नाव तिथे घुसत नाही. म्हणून तू आत्ता, कुणाला निवडणुकीची आठवणही नसताना हे काम काढलंस, ते योग्य वेळी काढलंस. हे मी परवाच म्हणायला हवं होतं.

आता पद्धत. घरोघरी फिरायच्या आधी तुमच्या भागाची यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. भाग क्रमांक माहीत नसेल तर कुणाही एकाचा कार्ड क्रमांक टाकून शोध. भाग, अनुक्रमांक आणि बीएलओ, म्हणजे त्या भागाच्या यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, कोण ते कळतं. 1950 या मदत क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. एक वही कर. फ्लॅटनिहाय पानं, आणि प्रत्येक माणसापुढे चारपैकी एकच खूण: इथे नाव आहे, दुसरीकडे आहे, कुठेच नाही, किंवा माणूस वारला. लोक ‘आमचं आहे हो’ म्हणतात त्यावर जाऊ नकोस, यादीत बोट ठेवून दाखव.

‘कुठेच नाही’ त्यांना नमुना 6, म्हणजे नवीन नोंदणीचा अर्ज. ‘दुसरीकडे आहे’ त्यांना नमुना 8, पत्ता बदलायचा. मयत किंवा सोडून गेलेल्यांसाठी नमुना 7. सगळा घोळ 6 आणि 8 मध्ये होतो. पुण्यात घर घेतलं, नवीन पत्ता, म्हणून माणूस ‘नवीन नोंदणी’वर बोट दाबतो. पण नमुना 6 मध्ये ‘माझं नाव कुठल्याही यादीत नाही’ असं तो सहीनिशी लिहून देत असतो. गावाकडे नाव असेल तर ते खोटं निवेदन झालं, आणि त्याला 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. नमुना 8 ने पत्ता बदलला की जुन्या ठिकाणचं नाव तिथून निघतं, कार्ड क्रमांक तोच राहतो. मतदारसंघ बदलला तरी 2022 पासून हाच नमुना.

तर मृणाल, तुझं स्वतःचं नाव कुठे आहे?

असो. ते नंतर.

सतरा पूर्ण झालेल्या पोरांना आगाऊ अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख धरायचे, आता 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबरही धरतात. दहावीचं प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला वयाला पुरतो. पत्त्याला आधार, बँकेचं पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल. भाडेकरूंचा करार नोंदणीकृत हवा. नोटरीचा कागद घेऊन आलेला माणूस परत जातो. तुमच्याकडे पंपरूमशेजारी वॉचमनचं कुटुंब राहतं ना? त्यांना कुणी विचारणार नाही, तू विचार. राहण्याचं ठिकाण बघतात, मालकी नाही. पत्त्याचा कसलाच पुरावा नसलेल्या, उघड्यावर राहणाऱ्या माणसासाठीही बीएलओने रात्री जाऊन तो तिथे झोपतो का हे पाहायची तरतूद आहे.

ऑनलाइन भरताना इंग्रजीत नाव टाकलं की मराठी आपोआप उमटतं आणि तिथेच माती होते. काळेचं काले होतं, बाणखेलेचं बानखेले. ते तसंच यादीत छापलं जातं, मग मराठीतून शोधलं तर सापडत नाही. ळ आणि ण डोळ्यांनी तपासल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ देऊ नकोस. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, सेल्फी नको.

अर्ज भरला म्हणजे नाव आलं, असं नाही. बीएलओ पडताळणीला येतो. तो नोकरदार शिक्षक किंवा अंगणवाडीची बाई, दुपारी येणार, फ्लॅटला कुलूप. गेटवर वॉचमन अडवणार. दोन फेऱ्यांनंतर शेरा पडतो ‘स्थळी आढळले नाही’ आणि अर्ज बाद. माझ्या मते तुमच्यासारख्या सोसायट्यांत नावं बाद व्हायचं मोठं कारण हेच. म्हणून मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दे, एक रविवार माग, क्लबहाऊसमध्ये टेबल लाव, सगळे अर्जदार एकत्र बसव. अर्ज ज्याचा त्याने स्वतः भरायचा. घरातल्या एकाने घरातल्यांचे दिले तर चालतं. तू शंभर घरांचे गठ्ठ्याने नेलेस तर घेणार नाहीत, आणि घेऊही नयेत. लोकांचे ओटीपी, आधारच्या झेरॉक्स स्वतःजवळ ठेवू नकोस. कुणाच्याही जागी सही करू नकोस, अगदी शेजारच्या आजींच्याही नाही. कोणत्या पक्षाचा कार्यकर्ता वही बघायला मागेल, त्याला चहा पाज, वही देऊ नकोस. कुणाला मत देणार हे विचारू नकोस, हेही सांगायला नको तुला, तरी सांगतो.

मी पुन्हा कचेरीतलं बोलायला लागलो. आई म्हणते, तुमचं पत्र म्हणजे परिपत्रक. माफ कर.

एक गोष्ट मात्र लोकांना आधीच समजावून ठेव. तुमच्याकडे प्रभागात चार जागा, म्हणजे एका माणसाची चार मतं. अ, ब, क, ड. बरेचजण एक बटण दाबून निघतात आणि मशीन अडकून राहतं. चारही ठिकाणी मत नोंदवलं की शिट्टी वाजते. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’ आहेच. आणि एका मताने काय होतं असं कुणी म्हणालंच तर 2017 चा मुंबईचा प्रभाग 220 सांग. दोघांची मतं सारखी झाली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला.

आता तुझं नाव. मी टाळतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझं नाव अजून गावच्या यादीत आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, मी तुला एकदाही नमुना 8 भर म्हणालो नाही. दुसऱ्या कुणाची लेक असती तर पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं. तू हॉस्टेलला होतीस तेव्हा नाव इथे राहणं बरोबर होतं, शिकायला बाहेर गेल्याने राहणं तुटत नाही. पण आता तुझा संसार तिथे आहे. गावच्या घरात हिस्सा असला तरी कायदा तो धरत नाही, वास्तव्य धरतो. नानाने ग्रामपंचायतीसाठी आपल्या घरातली मतं मोजून ठेवली आहेत. त्याचा फोन येईल, गाडी पाठवतो म्हणेल. सरपंचाचं एक आणि वॉर्डातली दोन, अशी तुझी तीन मतं त्याने धरलेली आहेत. परवा मी चिडलो त्यात नाना होता, तू नव्हतीस.

आणि नाना हेही पूर्ण खरं कारण नाही. यादीच्या त्या पानावर आपल्या घर क्रमांकापुढे तिघंच आहेत. तुझ्या चौकटीत अजून तो कॉलेजचा फोटो, 2014 चा, अर्ज मीच भरला होता आणि तू शाईने बोट मुद्दाम माखून घेतलं होतंस दिसावं म्हणून. तू गेलीस की पान दोघांचं. एवढंच. पण लोकांच्या दारात उभं राहून नाव हलवा म्हणणाऱ्या बाईचं नाव दुसऱ्या तालुक्यात असेल, तर पहिल्याच जिन्यावर कुणीतरी ते बोलून दाखवेल, आणि ते ऐकायची वेळ तुझ्यावर माझ्यामुळे यायला नको.

तेव्हा वही उघडायच्या आधी तुझा अर्ज. एका अर्जात एकच खूण करता येते, म्हणून आधी पत्ता, तो मंजूर झाला की दुसऱ्या अर्जाने आडनाव, बदलायचं असेल तर. नसेल तर राहू दे, सक्ती नाही. जावईबापूंचा घर क्रमांक आणि विंग यादीत जशी छापली आहे तशीच अक्षर न अक्षर लिही, नाहीतर एका घरातली दोन नावं दोन भागांत पडतात आणि मतदानाला दोन शाळांत जावं लागतं. बीएलओ येईल त्या दिवशी घरी थांब.

संदर्भ क्रमांक आला की मला पाठव, स्थिती मी इथून बघत राहीन. नानाला मी सांगतो, मोजणीतून एक नाव वजा कर म्हणून.

तुझा,
बाबा