तिसाव्या दिवसाच्या आत बाळाचे डोळे तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांची तपासणी प्रत्येक जिल्ह्यात वेळेत होण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

मी अंध मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. जूनमध्ये नवी मुलं येतात तेव्हा प्रवेशाचा फॉर्म भरताना आईला बाळंतपणाबद्दल विचारावं लागतं. पूर्वी गोवर, अ जीवनसत्त्वाची कमतरता, जन्मतःच मोतीबिंदू अशी कारणं समोर यायची. अलीकडे वेगळंच ऐकू येतं. "सातव्या महिन्यातच झाला हो बाई. सव्वा किलोचा होता. महिनाभर पेटीत ठेवला होता, ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी वाचवला." हे सांगताना आईबापांच्या आवाजात डॉक्टरांविषयी नितांत कृतज्ञता असते. मग वडील पुढचं सांगतात : चार-पाच महिन्यांचा झाला तरी खुळखुळ्याकडे बघेना, म्हणून मोठ्या शहरात नेला. तिथे सांगितलं, आता फार उशीर झाला.

या मुलांचे डोळे जन्मतः आंधळे नव्हते. त्यांना आरओपी झाला होता, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गर्भात साधारण सोळाव्या आठवड्यापासून मधून कडेकडे वाढत जातात आणि पूर्ण दिवस भरता भरता कडेपर्यंत पोचतात. बाळ आधीच बाहेर आलं की ही वाढ अर्धवट राहते. त्यात ऑक्सिजन जास्त झाला, जंतुसंसर्ग झाला, वजन वाढेना, की ती आणखी बिघडते. मग काही आठवड्यांनी वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात, पडदा ओढू लागतात, आणि शेवटी पडदा सुटतो. एकदा तो पूर्ण सुटला की शस्त्रक्रिया करूनही कामाची दृष्टी क्वचितच परत येते. त्याआधी गाठलं तर लेसरने किंवा डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनने बहुतेक बाळांची नजर वाचते.

सगळा खेळ काही आठवड्यांचा आहे. आणि त्या आठवड्यांत बाहेरून काहीही दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही. बुबुळात पांढरं दिसू लागतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आईने कितीही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं तरी तिला हे कळणार नाही. कळू शकतं ते फक्त बाहुली मोठी करणारे थेंब घालून, पडद्याच्या कडेपर्यंत बघणाऱ्या प्रशिक्षित माणसाला. तपासणीला काही मिनिटं लागतात.

आपल्याकडे नियम ठरलेला आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचं. २८ आठवड्यांच्याही आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. अमेरिकेत हीच मर्यादा १५०० ग्रॅम आणि ३० आठवडे आहे. आपली मर्यादा वर ठेवावी लागली, कारण आपल्याकडे त्याहून मोठ्या, वजनदार बाळांनाही हा आजार होतो, हे भारतीय नेत्रतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवून दाखवलं. म्हणजे परदेशी पुस्तकावर विसंबून "याचं वजन बरं आहे, गरज नाही" असं म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

या आजारामागचं संशोधन ऐंशी वर्षांचं आहे, आणि ते वाचताना मी फार अस्वस्थ झाले. १९४२ मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञाने त्याची पहिली नोंद केली. तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत सढळ हाताने ऑक्सिजन द्यायची पद्धत नुकतीच रूढ होत होती, तीही भल्यासाठीच. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनवर बोट ठेवलं. वॉशिंग्टनमध्ये अर्नॉल पॅट्झ यांनी बाळांचे दोन गट करून चाचणी सुरू केली, तेव्हा कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांचे हाल होतील या कळकळीपोटी रात्रपाळीच्या काही परिचारिका गुपचूप ऑक्सिजन वाढवत असत. मला त्या परिचारिकांचा राग येत नाही. समोर इवलासा जीव धापा टाकत असताना माणूस तेच करील. म्हणूनच अशा ठिकाणी नुसती माया पुरत नाही. मोजमाप लागतं, यंत्र लागतं, शिकवलेले हात लागतात. १९५३-५४ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीने जास्त ऑक्सिजनचा दोष सिद्ध केला. मग सगळ्यांनी तो इतका कमी केला की बाळं दगावू लागली. अलीकडच्या मोठ्या चाचण्यांतूनही हेच दिसलं : रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण फार खाली ठेवलं तर डोळे वाचतात, पण मृत्यू वाढतात. म्हणून आता ९० ते ९५ टक्क्यांचा अरुंद पट्टा सांभाळायचा असतो.

हा पट्टा सांभाळायला प्रत्येक बाळाच्या पायाला पल्स ऑक्सिमीटर हवा, त्याचा अलार्म चालू हवा, आणि हवेत ऑक्सिजन मोजून मिसळणारा ब्लेंडर हवा. थेट सिलिंडरमधला शंभर टक्के ऑक्सिजन नळीने सोडला जात असेल, तर त्या कक्षात आपण एका हाताने बाळ वाचवतो आहोत आणि दुसऱ्या हाताने त्याची नजर धोक्यात घालतो आहोत. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांत, म्हणजे एसएनसीयूमध्ये, किती खाटांना ब्लेंडर आहे याची मोजणी कृपया करून घ्या.

आता नियमाकडे येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. त्यात ज्या तीस व्याधींसाठी मुलं तपासायची, त्यांच्या यादीत आरओपी पहिल्यापासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चेन्नईच्या एका मुलीच्या प्रकरणात निकाल दिला. १९९६ मध्ये सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात जन्मलेली, १२५० ग्रॅमची मुलगी. तिला ऑक्सिजन दिला, वाचवलं, घरी पाठवलं. डोळे तपासायला कोणी सांगितलंच नाही. न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. तो निकाल आपल्या विभागाच्या विधी सल्लागारांनी नव्हे, आपण स्वतः वाचावा अशी माझी विनंती आहे. त्या घरात एका तपासणीची किंमत काय झाली, हे त्या पानांवर आहे.

कार्यक्रम आहे, यादी आहे, न्यायालयाचा निकाल आहे. तरी माझ्या वर्गात ही मुलं येतातच. कारण बाळ विसाव्या-पंचविसाव्या दिवशी घरी जातं, आणि त्याला तपासू शकणारा डॉक्टर दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या शहरात असतो. डिस्चार्ज कार्डावर कुठेतरी इंग्रजीत तीन अक्षरं लिहिलेली असतात. आईला ती वाचता येत नाहीत. ओली बाळंतीण, सव्वा किलोचं बाळ, बाहेर थंडीवारा. सासू म्हणते, सव्वा महिना होऊ दे, मग बघू. सव्वा महिन्यापर्यंत थांबणं त्या बाळाला परवडत नाही, हे त्या घरात कोणी सांगितलेलंच नसतं. या आईला निष्काळजी म्हणणाऱ्यांशी मी अनेकदा भांडले आहे. बाळाचं सगळं करणारी, रात्र रात्र त्याला छातीशी धरून बसणारी ही बाई आहे. तिला तारीख हवी होती, पत्ता हवा होता आणि गाडी हवी होती.

शेजारच्या कर्नाटकाने यावर मार्ग काढला आहे. २००८ मध्ये बंगळुरूच्या नारायण नेत्रालयातल्या डॉ. आनंद विनेकर यांनी किड्रॉप हा उपक्रम सुरू केला. बाळाला शहरात बोलावण्याऐवजी प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गाडीने जिल्ह्याजिल्ह्यातल्या नवजात कक्षांत जातात. पडद्याची छायाचित्रं तिथल्या तिथे काढतात, जागेवरच बघून कोणाला तातडी आहे ते ओळखतात, आणि तीच छायाचित्रं दूर बसलेला तज्ज्ञ पाहून निर्णय देतो. तंत्रज्ञ नेत्रतज्ज्ञ नसतात, पण चांगले शिकवलेले असतात. राज्याच्या आरोग्य अभियानाने यात भागीदारी केली. तेव्हाचे कॅमेरे परदेशी आणि फार महाग होते. आता त्याच बंगळुरूत बनलेला, त्यामानाने स्वस्त कॅमेरा मिळतो. नंदुरबार, गडचिरोली, हिंगोली, पालघर इथे पूर्णवेळ पडद्याचे तज्ज्ञ मिळण्याची वाट बघत बसलो तर आणखी एक पिढी जाईल. कॅमेरा आणि तंत्रज्ञ मात्र याच वर्षी जाऊ शकतात.

महाराष्ट्राला हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ते संशोधन जगापुढे आलं, आणि आज देशभरातली आशाताई घरोघरी जाते ती त्याच वाटेने. तिच्या भेटींचे दिवस ठरलेले आहेत : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. बघा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा दिवस आपल्या तिसाव्याच्या अलीकडेच आहेत. त्या भेटींच्या फॉर्ममध्ये "डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाली का? पुढची तारीख कोणती?" एवढे दोन रकाने घाला. उत्तर नाही असेल तर १०२ ची गाडी बोलावण्याचा अधिकार तिला द्या, आणि त्या वाढीव कामाचा मोबदलाही द्या. तिच्यावर कामं लादायची आणि पैसे विसरायचे, हे फार झालं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. एका तपासणीने काम भागत नाही. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेस्तोवर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बघावं लागतं, आणि उपचार ठरला की तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. म्हणून प्रत्येक विभागात लेसरची सोय असलेलं एक केंद्र नक्की करा, त्याचा फोन नंबर सगळ्या कक्षांच्या भिंतीवर मराठीत लावा, आणि तिथे पोचलेल्या बाळाला कागदपत्रांसाठी थांबवलं जाणार नाही असा लेखी आदेश काढा. खासगी बालरुग्णालयांनाही हेच लागू करा. तालुक्यातालुक्यांत पेट्या असलेली रुग्णालयं उघडली आहेत, ती बाळं वाचवतात, त्याचं मोल आहेच. पण नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी तपासलेल्या डोळ्यांचा हिशोब दाखवावा.

२०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. इतकी दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत. आपली नवजात सेवा जितकी सुधारेल, तितकी त्यातली जास्त आणि अधिक नाजूक बाळं वाचतील. म्हणजे हा आजार आपोआप कमी होणार नाही, वाढेल.

कोणी असा अर्थ काढू नये की अंध मूल जन्माला येणं हेच मी दुर्दैव मानते. माझे विद्यार्थी ब्रेल वाचतात, मल्लखांब करतात, बँकेत नोकरीला लागतात. त्यांच्या शिक्षणाची हेळसांड होते त्याबद्दल मी समाजकल्याण विभागाशी वेगळी भांडते. पण ज्या मुलाची नजर लेसरने वाचली असती, त्याला ब्रेलची पाटी देताना माझा हात जड होतो.

महोदय, आपल्याकडे माझी ठोस मागणी ही आहे. येत्या अधिवेशनात सभागृहासमोर जिल्हावार आकडे ठेवा : गेल्या वर्षी नवजात कक्षातून घरी गेलेली, २००० ग्रॅमच्या आतली किंवा ३४ आठवड्यांच्या आतली बाळं किती, त्यांपैकी तिसाव्या दिवसाच्या आत किती जणांचे डोळे तपासले, आणि किती जणांवर उपचार झाले. कार्डावर मराठीत तारीख आणि ठिकाण लिहिल्याशिवाय असं एकही बाळ घरी पाठवू नये, हा आदेश मात्र अधिवेशनाची वाट न बघता काढता येईल. त्यासाठी लागणारा कागद मंत्रालयात आजही आहे.

आपली,
अंध मुलांच्या शाळेतील एक शिक्षिका