किलर व्हेल लांबूनच पाहावेत

महोदय,

उन्हाळ्यात सिअॅटलला मुलांकडे राहायला जाणाऱ्या मराठी आई-वडिलांच्या कार्यक्रमात किलर व्हेल दाखवणारी बोट हल्ली हमखास असते, आणि परतल्यावर त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती जवळून दिसले?’ हाच. या प्रश्नाला माझी हरकत आहे.

त्या समुद्रात बारमाही येजा करणारे, मुख्यत्वे चिनूक सामन माशांवर जगणारे किलर व्हेल आता जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास उरले आहेत. १९६० आणि ७०च्या दशकांत जलप्राणी-उद्यानांसाठी त्यांची पिल्ले जाळी लावून पकडून नेली. पुढे धरणांमुळे आणि इतर कारणांनी सामन घटला. हे प्राणी आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हुडकतात, त्यामुळे बोटींच्या इंजिनांचा गोंगाट त्यांच्या थेट तोंडचा घास काढून घेतो. बोटी सुमारे चारशे यार्डांच्या आत आल्या की माद्या अनेकदा शिकारच सोडून देतात, असे तेथील संशोधकांना आढळले आहे. पिल्लाला दूध पाजणारी आई उपाशी राहत असेल, तर आपल्या छायाचित्राची किंमत फार मोठी झाली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणूनच सिअॅटल ज्यात येते त्या वॉशिंग्टन राज्याने १ जानेवारी २०२५ पासून या व्हेलांपासून हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर, दूर राहण्याचे बंधन बोटींवर घातले. सहलीच्या बोटी आता बहुधा सील खाणारे दुसऱ्या जातकुळीचे किलर व्हेल दाखवतात. त्यांची संख्या वाढते आहे, तरी त्यांच्यापासूनही दोनशे यार्डांचे अंतर राखावेच लागते.

अंतरामुळे पाहण्याची मजा जाते, हे मात्र खरे नाही. अॅनाकॉर्टिसहून सॅन हुआन बेटाकडे जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहून आम्ही दुर्बिणीतून एक नर पाहिला. आधी फवारा उडाला, मग माणसाच्या उंचीचा काळा पर सरळ वर आला आणि त्यामागचा खोगिरासारखा करडा डागही स्पष्ट दिसला. या डागावरून आणि परावरच्या खाचांवरून एकेक प्राणी ओळखण्याची पद्धत कॅनडाचे संशोधक मायकेल बिग यांनी १९७०च्या दशकात रूढ केली, आणि त्यामुळेच तेथे कोणाची आई कोण, हे आज सांगता येते. मुलगे मोठे झाल्यावरही आयुष्यभर आईच्या कळपातच राहतात, हेही त्यातूनच कळले.

सॅन हुआन बेटावरील लाइम किल्न येथे तर किनाऱ्यावरच्या खडकावर बसून, एक थेंबही इंधन न जाळता ते पाहता येतात. नशिबाचा भाग तेवढा असतोच. आपल्या सहल कंपन्यांनी ‘अगदी जवळून दर्शन’ अशी जाहिरात करणे थांबवावे, आणि प्रवाशांनीही आरक्षण करताना बोट किती अंतर राखते, हे आधी विचारून घ्यावे.

— एक वाचक, पुणे