ताई, त्या पेन्सिलीच्या गोलाबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

'नाव घालू नकोस' असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पण हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात रुजू होऊन काल दोन महिने झाले. पहिला पगार झाला त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, दोन ओळींपुढे जाववेना.

आधीचं वर्ष आठवलं की अजून पोटात कालवतं. 'जर्मनीत पीएचडीला ॲडमिशन मिळवून देतो' म्हणत एका सल्लागार संस्थेनं बाबांना एफडी मोडायला लावली. एकच पत्र, फक्त नाव बदलून, बासष्ट प्राध्यापकांना धाडलं. तिकडे इंजिनिअरिंगमधली पीएचडी म्हणजे बहुतेकदा नोकरीच असते. प्रकल्पाला पैसे मिळाले की जागेची जाहिरात निघते, माणूस प्राध्यापक निवडतात, पगार ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीत ठरतो. एवढंसुद्धा त्या लोकांनी वर्षभरात सांगितलं नाही. कॉलेजातल्या सरांनी तर 'तुला कोण घेणार' म्हणून शिफारसपत्रही अडवलं.

मग इथल्या विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत तुमचं मराठी आडनाव दिसलं आणि रात्री अकराला भीतभीत मेल टाकला. सकाळी उत्तर हजर, तेही मराठीत: 'पत्र पाठव. जे वाटेल ते स्पष्ट सांगेन, चालेल ना?'

दोन दिवसांनी फोटो आला. माझं पत्र तुम्ही छापून घेतलं होतं. कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. 'जागतिक दर्जाचे संशोधन' वगैरे सगळी वाक्यं खोडलेली. तिसऱ्या परिच्छेदात मात्र एका वाक्याभोवती पेन्सिलीचा गोल होता. आमच्या गुहागरच्या घराचा स्लॅब, खाऱ्या हवेनं गंजून फुगलेल्या सळया आणि पाडव्याच्या सकाळी आजीच्या खाटेशेजारी कोसळलेला त्याचा तुकडा, एवढंच त्यात होतं. समासात तुमचं अक्षर: 'हे आधी. बाकीचं नंतर.'

ताई, त्या वाक्याची मला लाज वाटत होती. 'घरगुती आहे, काढून टाका,' असं सल्लागारांनी सांगितलं होतं. तुम्हाला मात्र त्यातच माझा विषय दिसला. पोलादी सळई गंजू नये म्हणून तिच्यावर काँक्रीटचा जाड थर ठेवावा लागतो. कार्बनच्या तंतूंची जाळी गंजतच नाही, म्हणून स्लॅब पातळ करता येतो. याच जाळीच्या काँक्रीटची 'क्यूब' ही इमारत २०२२ मध्ये ड्रेस्डेनमध्येच उभी राहिली. गुहागरच्या मुलाला इथंच का यायचं होतं, ते त्या एका ओळीत होतं.

पहिली जागा मिळणार नाही असं तुम्ही आधीच म्हणालात, आणि नाहीच मिळाली. पण का, तेही सांगितलंत. कुणी नकाराचं कारण सांगावं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. दुसऱ्या मुलाखतीत प्राध्यापकांचा पहिलाच प्रश्न होता, 'तो स्लॅब किती वर्षांचा होता?' पुढचा पाऊण तास कसा गेला, कळलंच नाही.

ना ओळख, ना पाळख, ना पैशाची अपेक्षा. एका परक्या पोराचं पत्र कुणी ओळ न् ओळ वाचतं, गोड बोलून टोलवत नाही, खरं तेच सांगतं. अशी माणसं असतात यावरचा माझा विश्वासच उडाला होता, ताई.

तो फोटो छापून टेबलासमोर लावलाय. आईनं तुमच्यासाठी आमसुलं आणि फणसपोळी बांधून दिली आहे. नव्या शहरातला पत्ता तेवढा कळवा.

तुमचा,
गुहागरचा धाकटा भाऊ