विज्ञानकथेचा वाचक आहे, तिची तारीख छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘जुन्या मराठी विज्ञानकथा पुन्हा छापल्या तरी खपत नाहीत, वाचकच उरलेला नाही,’ असे आपल्या रविवार पुरवणीत एका प्रकाशकांनी म्हटले आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात मी सत्तावीस वर्षे देवघेव सांभाळली. मला हे पटत नाही.

असाच पुनर्मुद्रणांचा एक संच आमच्याकडे २०१८ साली आला. दहा पुस्तके, पुठ्ठाबांधणी, सुटे पुस्तक मिळणार नाही. वाचनालयाला अनुदान असते, म्हणून आम्ही घेतला. गावातल्या ज्या शिक्षकांना त्यातले एखादेच हवे होते, त्यांनी किंमत ऐकून विषय सोडला. पुढे संच फुटू नये म्हणून आमच्याच समितीने तो काचेच्या कपाटात कुलूपबंद केला. ही चूक आमची, ती मान्य करते.

पण खरे कारण मला अकरावीतल्या एका मुलाने दाखवले. त्यातले एक पुस्तक परत करताना तो म्हणाला, “मॅडम, कृष्णविवर कुणीच पाहिलेले नाही असे यात लिहिले आहे. त्याचा फोटो निघालाय की!” फोटो एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिला होता. मी पुस्तक उघडून पाहिले, तर आत फक्त नव्या आवृत्तीचे साल. कथा पहिल्यांदा कधी आणि कुठे छापून आली, याचा उल्लेख कुठेच नाही. ती सत्तरच्या दशकातली आहे, असे सांगताच तो थबकला. “मग त्यांना तेव्हा एवढे कसे सुचले?” असे विचारून तेच पुस्तक पुन्हा नावावर लावून घेऊन गेला.

जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, आणि ती पहिली आली. एवढी हकिकत सांगितली, की विज्ञानाशी कधी संबंध न आलेल्या गृहिणीसुद्धा ती कथा मागत. ‘विज्ञान’ हा शब्द पाहून बिचकणाऱ्या वाचकापर्यंत या कथा पूर्वी मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून पोहोचत. विनोदी कथा संपली की पुढच्या पानावर हीच असे, आणि तो ती वाचून काढी. कपाटातल्या संचाला तशी संधीच नाही. म्हणून निदान पहिल्या पानावर दोन परिच्छेद तरी असावेत: तेव्हा विज्ञानाला काय ठाऊक होते आणि लेखकाने कुठून झेप घेतली.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यानंतर काही दिवसांनी मी वाचनालयात गेले, तर त्यांच्या ‘यक्षांची देणगी’ या विज्ञानकथासंग्रहाची आमची जुनी, कण्याला चिकटपट्टी लावलेली प्रत बाहेर गेलेली होती आणि तिच्यासाठी पाचजणांनी नावे नोंदवली होती. काचेचे कपाट मात्र बंदच होते. ते उघडून पुस्तके सुटी लावावीत, असा अर्ज मी समितीकडे दिला आहे. प्रकाशकांनीही पुढच्या वेळी सुटी, कागदी बांधणीची पुस्तके काढावीत आणि प्रत्येक कथेखाली तिचे मूळ साल छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा